आमचा डाओ आणि टाकीवरचं मोहोळ

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ६२ सभासद आहेत आणि ६२ ॲडमिन. ही छपाईची चूक नाही. गोंदियात भाताच्या गिरण्या जास्त की आमच्या ग्रुपवर ॲडमिन जास्त, असा प्रश्न परगावच्या पाहुण्याला पडतो.

पूर्वी असं नव्हतं. रीतसर सोसायटी होती, अध्यक्ष होते, सचिव होते आणि हिशेबाची एक लाल वही होती. गणपतीत मंडपाच्या भाड्यात साडेसातशे रुपयांचा फरक निघाला. अध्यक्ष म्हणाले, वही सचिवांकडे. सचिव म्हणाले, किल्ली अध्यक्षांकडे. वही ज्या कपाटात होती त्याला कुलूपच नव्हतं, तेव्हा किल्लीचा विषय कुठून निघाला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण दोघांनी बाणेदारपणे राजीनामे दिले आणि त्या खुर्चीत बसायला दुसरा कुणी पुढे येईना.

अशा निर्नायकी दिवसांत, संक्रांतीला, माझा भाचा पुण्याहून आला. तो हिंजवडीत संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलंय आणि मला ते तिन्ही वेळा कळलंय, फक्त तिन्ही वेळा वेगवेगळं.

“मामा, अध्यक्ष हवाच कशाला? डाओ करा.”

“काय करा?”

“डाओ. डिसेंट्रलाइज्ड ऑटोनॉमस ऑर्गनायझेशन. साहेब नाही, ऑफिस नाही. नियम सगळ्यांना दिसतात, पैसा सगळ्यांना दिसतो, सगळे ऑनलाइन मत देतात. संपला विषय.”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “डाव इथे कढीत आहे. कुणाला हवाय?”

भाचा पुढे म्हणाला, “आणि हे काही नवीन नाही. मुंग्यांना कुठे मॅनेजर असतो? मधमाश्यांची राणी हुकूम सोडते का? ती नुसती अंडी घालते. निर्णय बाकीच्या घेतात.”

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. नागझिऱ्याचं जंगल घरापासून तासा-दीड तासावर. प्राण्यांचं उदाहरण दिलं की मी विरघळतो. त्याच रात्री नवा ग्रुप निघाला, नाव ‘आपला डाओ (सर्व समान)’. सर्व समान म्हणून सर्वांना ॲडमिन केलं. भाचा दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्स्प्रेसने निघून गेला. अशी माणसं निघून जातातच.

पहिल्या आठवड्यात ग्रुपचं नाव नऊ वेळा बदललं. फोटोच्या जागी आधी गणपती, मग छत्रपती, मग कुणाचा तरी दात नसलेला नातू. एका गृहस्थांना त्यांच्या साडूंनी ग्रुपमधून काढलं, शेजाऱ्याने परत घेतलं, साडूंनी पुन्हा काढलं. रात्री सव्वादहा ते पावणेअकरा या अर्ध्या तासात ते चौदा वेळा बाहेर गेले आणि चौदा वेळा आत आले. स्वतः ते साडेनऊलाच झोपले होते. सकाळी दूध घेताना मला म्हणाले, “मास्तर, माह्या फोनले काय झालं जी? रातभर थरथरून राहिला.”

मी म्हटलं, “नवीन व्यवस्था बसायला वेळ लागतो.”

मनातून मात्र मला सातभाईंची आठवण येत होती. हे मातकट रंगाचे पक्षी सात-आठच्या टोळीने फिरतात आणि दिवसभर एकमेकांवर ओरडतात. पण त्या कलकलाटातही एखादा भाई फांदीवर बसून शिकऱ्यावर नजर ठेवून असतो. आमच्याकडे कलकलाट पूर्ण होता. फांदी रिकामी होती.

होळीच्या आधी, पळस फुलला तेव्हा, कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं.

आग्या मोहोळ ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. एकच पोळं, सुपाएवढं, उघड्यावर लटकलेलं. त्यावर काळ्या-पिवळ्या माश्यांचा जिवंत पडदा. मध्येच त्या पडद्यावरून एक लाट सरकते, वारा नसताना. या माश्या फुलोऱ्यामागे मुक्काम हलवतात आणि उंच झाडं, कडे, पूल, टाक्या अशा जागी उतरतात. चिडल्या तर माणसाला पळवत तळ्यात उडी घ्यायला लावतात, आणि माणूस वर येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी असते.

तर ग्रुपवर पहिला फोटो पडला. खाली पहिला प्रतिसाद आला, “शुभ सकाळ.” दुसरा आला, “अभिनंदन.” तिसरा, “विनम्र श्रद्धांजली.” हे असं का होतं याचं उत्तर मला वारुळात सापडलं. ग्रासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सांगून ठेवलंय, की वाळवीला नकाशा लागत नाही, मुकादम लागत नाही. एकीने ठेवलेला मातीचा गोळा पाहून दुसरी त्यावर आपला गोळा ठेवते आणि वारूळ उभं राहतं. आमच्याकडेही तेच. वरचा काय म्हणाला हे न वाचता त्यावर आपला गोळा ठेवायचा. फरक इतकाच, की वाळवीचं त्यातून वारूळ होतं. मराठी विकिपीडियासुद्धा २००३ पासून असाच उभा राहतोय, एकाच्या अर्ध्या वाक्यावर दुसऱ्याचं पाऊण वाक्य. आमचं मात्र ढेकूळच राहिलं.

मग पोल झाला. मोहोळाचं काय करायचं? पर्याय पाच: धूर द्यावा, फवारा मारावा, राहू द्यावं, विचार करून सांगतो आणि शेवटी कुणीतरी घातलेला ‘जय हिंद’. बहुमत ‘विचार करून सांगतो’ला मिळालं. दुसरा क्रमांक जय हिंदचा.

आता मतांची गंमत पाहा. निवृत्त तहसीलदारांनी नुसता अंगठा दाखवला की पाठोपाठ दोन अंगठे येतात आणि ठराव मंजूर. तोच ठराव मी मांडला तर दहा अंगठे जमवेपर्यंत माझा स्वतःचा अंगठा दुखतो. हा अन्याय आहे असं मला वाटत होतं, पण तो निसर्गनियम निघाला. बोट्स्वानात रानटी कुत्र्यांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो छापून आला. शिकारीला निघायचं की पडून राहायचं हे ती कुत्री म्हणे शिंकून ठरवतात. टोळीच्या म्होरक्या जोडीने पुढाकार घेतला तर तिनेक शिंका पुरतात. सामान्य कुत्र्याने घेतला तर दहाएक लागतात. आमच्या नागझिऱ्यातले रानकुत्रे त्यांचेच दूरचे भाऊबंद. ते शिट्ट्या घालतात, शिंकण्याचं मला ठाऊक नाही. पण तहसीलदारसाहेब शिंकले तर ग्रुपवर ‘काळजी घ्या’चे चाळीस मेसेज येतात, हे मी पाहिलंय.

एरवी मात्र ग्रुप शांत. ६२ पैकी बोलणारे आम्ही दहा-बारा. बाकीचे वाचतात, निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही. मी आधी चिडायचो. मग कळलं की अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन त्यांची हजेरी घेतली, तेव्हा जवळजवळ ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नव्हत्या. कामसू मुंग्या बाजूला काढल्या तेव्हा या आळशांतल्या काही कामाला लागल्या. म्हणजे ती राखीव फौज होती! तेव्हापासून मी कुणाला ‘तुम्ही ग्रुपवर काही बोलत नाही’ म्हणून टोकत नाही. राखीव फौजेला डिवचू नये. एकदा डिवचलं होतं, तर त्यातल्या एकाने दीडशे फोटोंचं केदारनाथ पाठवलं.

आणि फॉरवर्ड! माश्या पळवायला टाकीला हळदीचं पाणी शिंपडा, हा संदेश सोमवारी आमच्या ग्रुपवरून सुटला, आमगाव, तिरोडा, सडक अर्जुनी फिरून गुरुवारी नव्या नावाने आमच्याच ग्रुपवर परत आला आणि ज्यांनी सोडला होता त्यांनीच खाली लिहिलं, ‘अत्यंत उपयुक्त माहिती’. लष्करी मुंग्यांचंही असंच होतं. वाट चुकली की पुढचीच्या वासावर मागची, आणि पुढची फिरून मागचीच्या मागे. विल्यम बीब नावाच्या निसर्ग अभ्यासकाने गयानाच्या जंगलात १,२०० फूट घेराचं असं एक रिंगण पाहिलं होतं. एका मुंगीला फेरा मारायला अडीच तास लागत. बिचाऱ्या दमून मरेपर्यंत चालतात. आमचे लोक दमत नाहीत. डेटा रोज दीड जीबी मिळतो.

तेवढ्यात नागपूरहून मोहोळ काढणाऱ्या एका माणसाने फोनवर साडेआठ हजार सांगितले. घरटी दोनशे रुपये ठरले. कुणाकडे द्यायचे? खजिनदार नाही, सर्व समान. रविवारी दुपारपर्यंत ग्रुपवर एकवीस क्यूआर कोड आले. त्यातला एक साखर कारखान्याच्या जाहिरातीचा निघाला, एक लग्नपत्रिकेवरचा आणि एकावर मी पैसे पाठवले तर ते माझ्याच सौभाग्यवतींच्या खात्यात जमा झाले. त्यांनी परत दिले नाहीत. “सर्व समान ना? मग माझ्याकडे असले काय नि ग्रुपकडे असले काय.”

भाच्याला फोन लावला. “तुझ्या त्या खऱ्या डाओमध्ये पैशाचं काय करतात रे?”

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “पहिला मोठा डाओ २०१६ मध्ये निघाला. त्याचं नावच ‘द डाओ’. अकरा हजारांवर लोकांनी मिळून १५ कोटी डॉलर घातले. माणूस मध्ये नाही, सगळा संगणकाचा नियम, आणि नियम म्हणजे कायदा.”

“मग?”

“मग जूनमध्ये एकाला त्या नियमातच एक भोक सापडलं. त्याने ३६ लाख ईथर काढून घेतले. पाचेक कोटी डॉलर झाले.”

“पोलीस?”

“नियमात बसतं म्हणाले काही जण. शेवटी लोकांनी चर्चा केली, मतं घेतली आणि जुलैमध्ये वहीतली नोंदच बदलून पैसे परत आणले. काहींना ते पटलं नाही. त्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली. आता दोन चलनं आहेत, एक ईथर आणि एक ईथर क्लासिक.”

मला एकदम बरं वाटलं. १५ कोटी डॉलर आणि जगभरची हुशार माणसं. शेवटी भांडण वहीवरूनच! आमच्यात नि त्यांच्यात फक्त साडेसातशे रुपये की पाच कोटी डॉलर एवढाच किरकोळ फरक होता. आणि दोनच दिवसांत आमचंही क्लासिक निघालं. माजी अध्यक्षांनी ‘आपला डाओ (ओरिजिनल)’ असा दुसरा ग्रुप काढला. त्यात ४१ जण गेले. ते सगळे जुन्यातही राहिले, तिकडे काय चाललंय ते कळावं म्हणून. त्यामुळे प्रत्येक शुभ सकाळ दोनदा उजाडू लागली.

या सगळ्यात माझी कामगिरी काय? ती लपवण्यात अर्थ नाही. मी ‘मधमाशी आणि लोकशाही’ या विषयावर ग्रुपवर लेखमाला चालवली, भाग एक ते चौदा. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं, हे मी भाग दोनमध्ये सांगितलं. थॉमस सीली या अमेरिकन प्राध्यापकांनी युरोपीय मधमाश्यांचा थवा नवं घर कसं निवडतो याचा छडा लावला, हे भाग पाचमध्ये. दहा हजारांच्या थव्यातल्या काहीशे माश्या जागा शोधायला जातात. जिला जागा आवडली ती परत येऊन नाचते. नाचाच्या कोनातून दिशा कळते आणि लांबीतून अंतर. नाच पाहिलेली माशी नुसत्या नाचावर भाळत नाही. ती स्वतः उडून जाते, स्वतः जागा पाहते, पटली तर नाचते. आणि सगळ्यात नवल म्हणजे, चांगली जागा सापडलेली माशीसुद्धा थोडा वेळ नाचून आपणहून थांबते. एखाद्या जागी वीस-तीस जणी एका वेळी जमल्या, की ठरलं. थवा उठतो.

भाग चौदाला दोन अंगठे आले. एक माझा होता.

या चौदा भागांत मी एकदाही टाकीवर चढलो नव्हतो. खालून फोटो काढायचा, दोन बोटांनी ताणून मोठा करायचा आणि त्या धुक्यावर बोलायचं, ही माझी शास्त्रीय पद्धत. त्या धुक्याच्या आधारे मोहोळं दोन आहेत असं मी ठासून लिहिलं होतं आणि तीन नाहीत कशावरून, असं एकाने मला तितक्याच ठासून विचारलं होतं.

अगदी पहिल्याच दिवशी मी असा फोन ताणत उभा असताना पाणी सोडणारा पोरगा शिडीवरून उतरला. तो दिवसातून दोनदा वर जातो. म्हणाला, “काय पाहून राहिले मास्तर? एकच हाय थे. हरसाल येतेत. पाऊस लागाच्या आंधी जातेत जी. आपण नाही छेडलं तं काही नाही करत.”

मी त्याला “बरं बरं, ग्रुपवर टाकतो” म्हणालो आणि टाकलं नाही. एक तर तो ग्रुपमध्ये नाही, त्याच्याकडे बटणांचा फोन आहे. आणि दुसरं म्हणजे, त्याचं खरं धरलं असतं तर माझी लेखमाला भाग एकलाच संपली असती.

जूनमध्ये एका ओळखीच्या वनप्रेमीने सारस मोजायला बोलावलं. आमचा गोंदिया जिल्हा सारसांचा. महाराष्ट्रात हा पक्षी आता उरलाय तो मुख्यतः इथेच, तोही दोन आकडी संख्येत. दरवर्षी पावसाआधी ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते, वनखातं आणि शेतकरी मिळून एकाच पहाटे तलावातलावांवर उभे राहतात आणि पक्षी मोजतात. मला परसवाड्याच्या बाजूचा एक बांध मिळाला. पहाटे पाचला मी गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात वही असा शास्त्रज्ञ होऊन उभा. अर्ध्या तासाने मी आनंदाने पुटपुटलो, “एक!”

बांधावरून जाणारे एक शेतकरी थांबले. “काय मोजून राहिले मास्तर?”

“सारस.”

“थो बगळा हाय जी. सारस तुमच्या मांगं हायेत. कवाचे उभे हायेत.”

मी वळलो. माणसाच्या उंचीचे दोन पक्षी, लाल माना ताठ, माझ्याकडे पाहत होते. जोडीने राहतात, जोडीने ओरडतात. दोन सभासदांचा ग्रुप, दोघेही ॲडमिन. मग एकाने हाक दिली, दुसरीने तिच्यातच आपली मिसळली आणि दोघं चिखलातून रमतगमत निघून गेले. पोल नाही, काही नाही. आमच्या घरीही ग्रुप दोघांचाच आहे, पण तिथे ॲडमिन एकच.

त्या मोजणीचाही एक ग्रुप होता. मी सवयीने भली मोठी प्रस्तावना लिहायला घेतली, तेवढ्यात एकेका तलावावरून मेसेज येऊ लागले. “२.” “४.” “निरंक.” “२ आणि १ पिल्लू.” बस. शुभ सकाळ नाही. जो तलावावर उभा होता तोच बोलत होता, आणि जेवढं दिसलं तेवढंच. निरंक लिहिणाऱ्यालाही लाज वाटत नव्हती. मी प्रस्तावना पुसली आणि “२” असं लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा लेख. त्याला सगळ्यात जास्त अंगठे आले.

घरी आलो तर टाकीखाली गर्दी. सगळे वर पाहत होते. पोळं होतं, माश्या नव्हत्या. आदल्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, तेव्हा त्या उठल्या आणि गेल्या. आम्ही तीन महिन्यांत जे ठरवू शकलो नाही ते त्यांनी आम्हाला न विचारता ठरवलं होतं. ग्रुपवर त्याच वेळी अकरावा पोल चालू होता आणि ‘फवारा मारावा’ एका मताने पुढे होतं.

पोल कुणी थांबवला नाही. संध्याकाळी तो मंजूर झाला.

आता रिकाम्या पोळ्याचं मेण कुणाचं, यावर दोन्ही ग्रुपवर वेगवेगळी चर्चा सुरू आहे. मी तीत भाग घेत नाही. मी वेगळा ठराव मांडला: पाणी सोडणाऱ्या पोराला ग्रुपमध्ये घ्यावं, फोन आपण वर्गणी काढून देऊ. हो म्हणणारे दोन, नाही म्हणणारा एक, बाकीची ५९ राखीव फौज. तहसीलदारसाहेब अजून शिंकलेले नाहीत. तोवर मी त्या पोरालाच विचारलं, “येतोस का रे ग्रुपवर?”

“कायले जी? मी तं टाकीवरच असतो. इचाराचं असन तं वर या.”

रास्त बोलला. शिडीला बेचाळीस पायऱ्या आहेत. मी परवाच मोजल्या. खालून.